गणवेशातली आकृती: थर देत की एका बैठकीत?

निसर्गदृश्यात उभा असलेला गणवेशधारी तैलरंगात रंगवायचा तर दोन वाटा आहेत. पहिली थरांची: आधी करड्या किंवा तपकिरी छटांत छायाप्रकाश बसवायचा, तो वाळला की वर पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवायचे. दुसरी, ओल्यावर ओला रंग लावत एका बैठकीत चित्र उरकण्याची.

गडद निळा किंवा लाल कोट थरांच्या पद्धतीतच खुलतो. खालचा प्रकाश वरच्या रंगातून झिरपतो आणि कापडाला वजन येतं. पट्टे, बिल्ले, शिवण यांचा हिशोबही शांतपणे लागतो. पण प्रत्येक थराला वाळायला दिवस लागतात आणि वरच्या थरात खालच्यापेक्षा जास्त तेल हवं, नाहीतर पुढे तडे जातात. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या १७५६ च्या कॅप्टन ऑर्मच्या चित्रातला लाल कोट पाहा, वादळी आकाशासमोर कसा पेटलेला दिसतो! (याच रेनॉल्ड्सच्या कित्येक चित्रांत चेहऱ्यांचे लाल रंग मात्र उडून गेले. रंगाचा टिकाऊपणा आधी तपासा.)

ओल्यावर ओल्यात कडा सहज विरघळतात, त्यामुळे माणूस मागच्या डोंगरावर कात्रण चिकटवल्यासारखा दिसत नाही. धोका चिखलाचा: काळा कोट आणि फिकट आकाश एकमेकांत मिसळले की संपलंच.

मी कोट थरांत रंगवतो, आकाश आणि गवत एका बैठकीत. पितळी बटणं सगळ्यात शेवटी. त्यांत पिवळा थोडाच लागतो. वर आकाशाचा निळा, खाली जमिनीचा तपकिरी आणि एक पांढरा ठिपका.