टॅलीप्राइम: बँकेची बाजू भक्कम, गल्ल्याची तुमच्या हाती

म्हापसा-मडगावची दुकानं असोत की पणजीतली छोटी ऑफिसं, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असतंच. पण बऱ्याच ठिकाणी ते जीएसटी रिटर्नपुरतं वापरलं जातं. चालू खातं आणि किरकोळ रोख सांभाळायला ते कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे पाहू. बँकेसाठी ते उत्तम आहे. किरकोळ रोखीची मांडणी मात्र सुरुवातीलाच आपण केली नाही, तर ते गोंधळ वाढवतं.

गोंधळाचं मूळ ‘कॅश’ या तयार लेजरमध्ये, म्हणजे टॅलीतल्या खात्यात आहे. नवी कंपनी उघडली की ते आपोआप येतं आणि विक्रीचा गल्ला, मालकाने घरी नेलेले पैसे, चहा, झेरॉक्स, हमाली असं सगळं त्यातच पडत जातं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गल्ला भरतो. दुसऱ्या दिवशी दुसरा किंवा चौथा शनिवार असला की बँक बंद, म्हणजे रोकड सोमवारपर्यंत दुकानातच. मधल्या वेळेत तिच्यातूनच खर्च होतात आणि भरणा स्लिपवरचा आकडा विक्रीशी जुळत नाही. विक्रीची रोकड जशीच्या तशी बँकेत भरायची आणि खर्चाची रोकड बँकेतून वेगळी काढायची, ही शिस्त लागल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही.

‘कॅश-इन-हँड’ ग्रुपखाली ‘किरकोळ रोख’ असं दुसरं लेजर उघडा. दोन शाखा असतील तर दोन. मग ठरावीक रकमेची, म्हणजे इम्प्रेस्ट पद्धत लावा. समजा, आठवड्याला ५,००० रुपये पुरतात. तेवढ्याचा सेल्फ चेक वटवून रक्कम डब्यात ठेवायची आणि एफ४ दाबून कॉन्ट्रा व्हाउचर, म्हणजे बँक आणि रोख यांच्यातल्या देवाणघेवाणीची नोंद करायची. नवखे इथेच चुकतात. सिंगल एंट्री मोडमध्ये पेमेंट व्हाउचरच्या वरच्या ‘अकाउंट’मधून पैसे जातात, तर कॉन्ट्रामध्ये वरच्या ‘अकाउंट’मध्ये पैसे येतात. म्हणजे इथे वर किरकोळ रोख आणि खाली बँक. उलटं झालं तर डब्यातली रोकड पुस्तकात उणे दिसते आणि बँकेची शिल्लक फुगते. मोड बदलायला कंट्रोल आणि एच.

खर्च एफ५ने, पेमेंटमध्ये. दर शनिवारी डबा मोजा. नोटा-नाणी १,३४० आणि खर्चाची कागदी व्हाउचरं ३,६१० रुपयांची निघाली, तर बेरीज ४,९५० होते. ५० रुपये कमी आहेत. ते स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसू नका, किंवा चहाच्या खर्चात मिसळू नका. ‘रोख तूट-वाढ’ या लेजरला ५० टाका आणि ३,६६० रुपये काढून डबा पुन्हा ५,०००वर आणा. तीच तूट तीन आठवडे दिसली की डब्याची किल्ली किती जणांकडे आहे ते बघायला हवं. हे मोजणं टॅली करून देत नाही.

पायलटचं (मोटरसायकल टॅक्सीवाल्याचं) भाडं, गाडी उतरवणाऱ्याची हमाली यांना पावती मिळत नाही. त्यासाठी छापील किरकोळ व्हाउचर ठेवा: क्रमांक, तारीख, कोणाला, कशासाठी, अक्षरी रक्कम, घेणाऱ्याची सही. कदंबा बसचं तिकीट असलं तर ते मागे डकवा. टॅलीतल्या नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या तपशिलात हाच क्रमांक लिहिला की ऑडिटच्या वेळी कागद एका मिनिटात सापडतो. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. एका व्यक्तीला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. माल वाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे.

रोख उणे झाल्यावर इशारा देण्याची सोय एफ१२मध्ये आहे, ती चालू करा. पण तो फक्त इशारा आहे. एंटर दाबलं की नोंद होतेच. इथे टॅलीने अडवायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. डब्यात नसलेले पैसे खर्च झाले, असं दाखवणारं पुस्तक कोणीच खरं मानणार नाही.

बँकेच्या बाजूला मात्र टॅलीची खरी ताकद दिसते. बँकिंगमधल्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे पुस्तक आणि बँक जुळवण्याच्या सोयीत, प्रत्येक नोंदीसमोर बँकेची तारीख भरत गेलं की खाली पुस्तकी शिल्लक, बँकेत न दिसलेल्या रकमा आणि बँकेची शिल्लक वेगवेगळ्या दिसतात. अनेक बँकांचं स्टेटमेंट थेट आयातही करता येतं. घरमालक लंडनला आणि भाड्याचा चेक त्याच्या ड्रॉवरमध्ये, हे गोव्यात नवं नाही. चेक तीन महिन्यांत वटला नाही तर तो बाद होतो. बँकेत न दिसलेल्या रकमांची यादी महिन्याला एकदा पाहिली तर जुना चेक रद्द करून भाडं पुन्हा देणं लावता येतं. नाहीतर मार्चमध्ये सगळं एकदम अंगावर येतं.

क्यूआर आणि कार्डची विक्री थेट बँकेला जमा दाखवू नका. पैसे एकगठ्ठा आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी येतात. मध्ये ‘कार्ड-क्यूआर येणे’ असं लेजर ठेवा. १०,००० रुपयांच्या कार्ड विक्रीवर दीड टक्का शुल्क धरलं तर १५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७; खात्यात ९,८२३ येतात. विक्री १०,०००च दाखवायची, १५० शुल्क खर्चात टाकायचं आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याने २७ रुपये इनपुट टॅक्समध्ये, म्हणजे परत वजा मिळणाऱ्या जीएसटीत, वेगळे धरायचे. या लेजरला जुनी बाकी राहिली तर ती रक्कम अजून आलेली नाही, हे लगेच समजतं. चवथीच्या आधीच्या गर्दीत याचा मोठा आधार होतो.

टॅली वर्षाच्या मध्यावर सुरू करत असाल तर आधीचे न वटलेले चेक ओपनिंग बीआरएसमध्ये (बँक जुळवणीच्या सुरुवातीच्या यादीत) घालायला विसरू नका. ते राहिले तर पहिल्याच महिन्यात बँक जुळत नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

लायसन्स घेण्याआधी एज्युकेशनल मोडमध्ये हे सगळं करून बघता येतं. तिथे महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा चालतात. त्यामुळे १ला कॉन्ट्रा, २ला दहा-बारा खर्च आणि ३१ला मोजणी, असा एक पूर्ण फेरा घालून पाहा.