फुग्याची बायोगॅस टाकी: गॅस ठीकठाक, स्लरी एक नंबर

बसवायला सोपी आहे, पण माहितीपत्रकात लिहिलंय तसा लगेच गॅस मिळेल ही आशा सोडा. शेण आणि पाणी निम्मं निम्मं कालवून भरायचं आणि गप बसायचं, कारण सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, पेटतच नाही, मिथेन ५०-६०% झाला की मग मस्त निळी ज्योत लागते. थंडीत मात्र टाकी आळशी होते, आतल्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते ना.

सोबत आलेला पाइप एकदम भंगार! मधेच झोल पडतो, त्यात पाणी साचतं आणि शेगडी भक भक करत विझते, त्यामुळे पाइपला उतार द्या आणि खालच्या टोकाला पाणी काढायला कॉक बसवा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, त्यासाठी लोखंडाचा कीस भरलेला फिल्टर दिलाय, तो बरा आहे.

खरी कमाई स्लरीची, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ शेणकाल्याची. नत्र बऱ्यापैकी टिकून राहतो, पाणी घालून पातळ करून वाफ्यात सोडली की भाजीपाला नुसता तरारतो. दारात एकही जनावर नसेल तर जरा विचार करा, नुसतं खरकटं भसाभस टाकलं की टाकी आंबते आणि गॅस बंद.