लेकीच्या नावावर पैसा असेल तर फ्लीटच्या दलालांपासून सावध राहा (लंडन, १७५३)

माझ्या सासूबाईंनी नातीसाठी ठेवलेले १,२०० पौंड गेले. रोख. लेकीशी चोरून लग्न लावून ते नेणाऱ्याचा खर्च किती, तर साडेदहा शिलिंग. दलालाला एक, पाद्र्याला पाच, उरलेले दाखल्याचे आणि दारूचे.

फ्लीट या कर्जदारांच्या तुरुंगाभोवतीच्या गल्ल्यांत काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. गुत्त्यावर हातात हात घातलेल्या जोडप्याची पाटी, बाहेर गिऱ्हाइकं ओढणारे दलाल, आत कर्जापायी तुरुंगाच्या हद्दीत अडकलेला पाद्री. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा नाही, परवाना नाही, आईबापांना पत्ता नाही. खलाशी आणि मोलकरणींची लग्नं तिथे लागतात, चीपसाइडच्या कापडवाल्याच्या घरापर्यंत ही घाण येत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. गेल्या वर्षी हॅमिल्टनच्या ड्यूकने मेफेअरच्या चॅपेलात मध्यरात्री पडद्याची कडी बोटात घालून लग्न उरकलं म्हणे, तर अख्ख्या शहराने कौतुकच केलं!

आमच्याकडे आलेला 'कॅप्टन' पुढच्या दाराने आला, रीतसर मागणी घातली. मी म्हटलं, मुलगी अठराची आहे, एकवीस पूर्ण होऊ द्या. तो म्हणाला, "जशी आपली इच्छा." कुरकुर नाही, गळ घालणं नाही. लगेच ताटातल्या मटणाकडे वळला. आणि हाड बाजूला सारता सारता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजींचे पैसे विश्वस्तांकडे आहेत, की थेट तिच्याच नावावर?"

तिथेच! तीन वर्षं थांबायला हसत तयार होतो आणि त्याच पंगतीत पैशांची चौकशी करतो. रात्री डोळा लागत नाही, तेच वाक्य कानात घुमतं. पण मला सांगा, सभ्य माणूस याहून वेगळं काय बोलला असता? आमच्या पॅरिशच्या पाद्रीबाबांनीही त्याची तारीफ केली होती. रेजिमेंटचं नाव कुणी सांगितलं, तर त्याच दिवशी त्या रेजिमेंटच्या माणसाला गाठून विचारा. हा कुठल्याच रेजिमेंटचा नव्हता.

माझ्या लेकीला बोल लावू नका. "बाबांचा होकार आहे, त्यांना फक्त गाजावाजा नको," असं त्याने तिला सांगितलं होतं.

गुत्त्यातली लग्नांची नोंदवही बघायला मला अर्धी गिनी मोजावी लागली. खिशात मावेल एवढी वही. लेकीचं नाव दोन नोंदींच्या फटीत कोंबलेलं, शाई निराळी, तारीख गेल्या नोव्हेंबरची. नोव्हेंबरात या माणसाचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं!

ती खोटी तारीख घेऊन दारोदार फिरलो. मॅजिस्ट्रेट म्हणाले, मुलगी सोळाच्या वरची, आपल्या पायांनी गेली, पळवून नेली असं म्हणता येत नाही. धर्मन्यायालयाच्या वकिलाने तीन गिनी घेतल्या आणि सांगितलं, वही खोटी असो, लग्न लागल्याचं मुलगीच कबूल करते. विधी नियमबाह्य, पण लग्न पक्कं. अहो, नियमबाह्य तर पक्कं कसं? म्हणे, एकवीसच्या आतल्यांना आईबापांची संमती हवी हे चर्चच्या १६०४ च्या नियमांत आहे, पण ती नसली म्हणून लग्न मोडत नाही. आणि लग्न पक्कं म्हणजे बायकोची रोकड नवऱ्याची. तुरुंगाचा अधिकारी म्हणतो, गुत्ता भिंतीबाहेर आहे, आमचा संबंध नाही. बिशपच्या कचेरीत ऐकवलं, अशा पाद्र्याला १०० पौंड दंड आहे. कर्जासाठी आधीच कोंडलेल्या माणसाकडून दंड वसूल करणार कोण? तुम्ही? वर मलाच शहाणपण, की लेकीवर नजर ठेवायची होती! चर्चचं काम चर्चने केलं असतं, तर बापांना गुत्ते धुंडाळावे लागले नसते.

मुलींच्या नावे थेट काहीही ठेवू नका. मृत्युपत्रात विश्वस्त नेमा, आणि पैसा फक्त तिच्या वापरासाठी, जावयाचा त्यावर हक्क नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. आजच.

यंदा जूनमध्ये पार्लमेंटने कायदा केला खरा. एकवीसच्या आतल्या मुलामुलींनी बापाच्या संमतीवाचून परवान्यावर केलेलं लग्न रद्द, आणि चोरून लग्न लावणाऱ्या पाद्र्याला १४ वर्षं काळं पाणी. पण अंमल २५ मार्च १७५४ पासून. आधी लागलेल्या लग्नांना तो लागू नाही, म्हणजे आम्हाला काही नाही. तोवर गुत्तेवाले हात धुऊन घेतील, तेव्हा हे महिने सर्वांत वाईट समजा. आणि कायदा स्कॉटलंडला लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. मार्चनंतर कुणी जावई व्हायला निघालेला उत्तरेच्या सहलीचं नाव काढेल, तर मुलीला गाडीत बसू देऊ नका.