ई-रेफरल: काही महिने रोज वापरल्यानंतर

मी फॅमिली फिजिशियन आहे. पेशंटच्या हाती चिठ्ठी द्यायची, स्पेशालिस्टकडे पाठवायचं आणि पुढे काय झालं ते पेशंटच्याच तोंडून ऐकायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. "पांढरी गोळी बंद करून पिवळी दिली" एवढ्यावरून पुढचे उपचार ठरवायचे! ई-रेफरलमुळे, म्हणजे तीच चिठ्ठी कॉम्प्युटरवरून थेट स्पेशालिस्टला पाठवायच्या सिस्टीममुळे, सगळ्यात मोठा फरक इथेच पडला. रेफरल झटकन पोचतं ही सोय आहेच, पण स्पेशालिस्टचं लेखी उत्तर माझ्या स्क्रीनवर येतं, ही खरी कमाई.

त्यातही 'आधी सल्ला विचारा' हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या एका आजींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं दिसलं. एरवी मी त्यांना थेट किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. या वेळी जुने-नवे रिपोर्ट जोडून प्रश्न टाकला. उत्तर आलं: गोळी बंद करा, लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा बघा, वाढतंच राहिलं तर लगेच पाठवा. ते खाली आलं. आजींची फेरी वाचली आणि मलाही पुढच्या अशा पेशंटसाठी दिशा मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयाने २००५ मध्ये ई-रेफरल सुरू केलं तेव्हा त्याचा गाभाच हा होता: आलेलं रेफरल आधी स्पेशालिस्ट वाचणार आणि अपॉइंटमेंट द्यायची, आणखी तपासण्या मागवायच्या की नुसता सल्ला पुरेल, हे तिथेच ठरणार.

आता त्रासाचं. पाठवल्यावर हिरवी टिक दिसते, पण ती नुसतं पोचल्याची. कोणी वाचलं का, स्वीकारलं का, पेशंट प्रत्यक्ष गेला का, काही कळत नाही. आरोग्याची माहिती एका सिस्टीममधून दुसरीकडे कशी पाठवायची हे ठरवणारं एचएल७ या संस्थेचं 'फायर' (FHIR) नावाचं मानक आहे. त्यात मिळालं, स्वीकारलं, नाकारलं, पूर्ण झालं अशा वेगवेगळ्या अवस्थांची सोय आहे. आमच्या सिस्टीममध्ये त्या दाखवलेल्याच नाहीत. एका विभागाकडून रेफरल 'माहिती अपुरी' एवढाच शेरा मारून परत आलं. कोणती माहिती, ते लिहिलं नव्हतं. आणि ते परत आलंय हे मला कळलं ते पेशंट विचारायला आला तेव्हा. अशा ठिकाणी कागदाच्या चिठ्ठीपेक्षा धोका जास्त, कारण चिठ्ठी निदान पेशंटच्या खिशात तरी असते.

फॉर्मबद्दल थोडक्यात: ड्रॉपडाऊन फार आहेत, आणि 'मला नेमकं काय विचारायचंय' हा रकाना सगळ्यात खाली. तो पहिला हवा. लॅबचे रिपोर्ट स्कॅन करून जोडले की समोरच्याला चित्र दिसतं, आकड्यांचा चढउतार दिसत नाही.

सगळे वापरत नाहीत, ही अडचण मात्र कुठलंही सॉफ्टवेअर एकट्याने सोडवू शकत नाही. निम्मे स्पेशालिस्ट ई-रेफरलवर आणि बाकीचे फोनवर असतील तर दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून फॅमिली डॉक्टरांचं रेफरल इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलं नसेल, तर पहिल्या ओपीडी भेटीचे पैसे रुग्णालयाला मिळणार नाहीत असा नियम आला. कडक वाटतो, पण दोन रस्ते सांभाळताना काम किती वाढतं ते रोज बघतेय, म्हणून मला तो पटतो. छातीत दुखणाऱ्या पेशंटसाठी मात्र मी आजही आधी फोनच करते. रेफरल नंतर भरते.

नवीन सिस्टीम घेणार असाल तर डेमोमध्ये रेफरल पाठवून दाखवा म्हणू नका, ते सगळ्यांना जमतं. नाकारलेलं रेफरल परत आलं की कुठे दिसतं आणि पेशंट गेलाच नाही तर कोणाला कळतं, ते दाखवायला सांगा.