तुकड्यांचं स्नो प्लाऊ ब्लेड, अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून थांबलो. आता पाच महिने झालेत, मीटरवर साधारण २४० तास पडलेत, कडेचे रबर दोनदा बदललेत, एक पिन वाकवलीये आणि चूक माझी असताना फोनवर कंपनीवाल्याला नको ते बोलूनही झालंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

रस्त्यावरचा बर्फ ढकलायला लोडरला पुढे लावायचं ३ मीटरचं ब्लेड आहे. वरचा वळवलेला पत्रा एकच आहे, पण खाली रस्त्याला घासणारी जी कड असते ती एक अखंड पट्टी नाही, ३०-३० सेंटीमीटरचे १० तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा आपापला वर-खाली सरकतो, जवळपास ५ सेंटीमीटर, आणि काही आडवं आलं की फक्त तो तुकडा मागे दुमडतो. याच्या आधी कित्येक वर्षं सरळ पोलादी पट्टीवर काढली, तेव्हा तुलना त्याच्याशीच करतोय.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं रस्ता सपाट असतो. नसतो. पाणी वाहून जावं म्हणून तो मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात, साधारण २ टक्के उतार धरा. ३ मीटरची सरळ पट्टी रस्त्याच्या बरोबर मधोमध चालवली तर मधे घासते आणि दोन्ही टोकांना ३ सेंटीमीटरची फट राहते, गणित करून बघा. त्यात चाकांनी पडलेले चर, दबलेली ठिगळं, वर आलेली मॅनहोलची झाकणं, थंडीनं फुगून उठलेला रस्ता. उरलेला बर्फ मग गाड्यांखाली दाबला जाऊन असा घट्ट बसतो की तो नंतर कुठल्याच ब्लेडला दाद देत नाही, आणि मीठ टाकावं तर साधं मीठ उणे ९ अंशाच्या खाली फारच सुस्तावतं. म्हणजे सगळा खेळ पहिल्या फेरीत किती खरवडून निघतो यावरच आहे.

इथे हे ब्लेड खरंच जिंकतं. चराच्या जागी दोन तुकडे खाली उतरतात, बाकीचे वर राहतात, आणि मागे वळून बघितलं तर डांबर काळं दिसतं. आधी दोन फेऱ्या मारायचो तिथे आता बऱ्याचदा एकच लागते.

पण हे मला पहिले तीन आठवडे दिसलंच नाही, आणि तीच गोष्ट खरं तर सांगायचीये. जुन्या ब्लेडची सवय अशी की घट्ट बर्फ दिसला की लिव्हर दाबून हायड्रॉलिकनं ब्लेडवर जोर द्यायचा. इथेही तेच करत राहिलो. रिझल्ट जुन्यासारखाच, उलट कडा जास्त झिजतायत असं वाटलं, म्हणून मग तो फोन. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, फ्लोटवर चालवताय का? मी गप्प. फ्लोट म्हणजे लिव्हरची ती जागा, जिथे हायड्रॉलिक ब्लेडला ना दाबतं ना उचलतं. झालं असं की वरून जोर दिला की सगळ्या तुकड्यांच्या स्प्रिंगा पूर्ण दाबल्या जातात, तुकडे वरच्या अडथळ्याला जाऊन टेकतात आणि मग ती एक सरळ पट्टीच होते, १० तुकड्यांची असली तरी. लिव्हर फ्लोटवर ठेवली की ब्लेड स्वतःच्या वजनानं रस्त्यावर बसतं, प्रत्येक स्प्रिंगच्या वाट्याला थोडं थोडं वजन येतं आणि तिला खाली जायलाही जागा राहते, वर यायलाही. हे मॅन्युअलमध्ये चौदाव्या पानावर बारीक अक्षरात होतं. पहिल्या पानावर मोठ्ठं छापायला हवं होतं असं माझं अजून म्हणणं आहे.

दुमडण्याबद्दल. जुन्याला अख्खं ब्लेडच पुढे कलंडायचं, झाकणाला ठोकर बसली की समोरचा सगळा ढीग मागे, आणि आपल्याला सीटवर असा हिसका की दात वाजायचे. इथे ज्याला ठोकर बसली तेवढाच तुकडा मागे जातो, खट् करून परत येतो, मागे ३० सेंटीमीटरचा एक पट्टा राहतो एवढंच. पुलाच्या जोडावर, म्हणजे रस्त्यात आडवी फट असते तिथे, मात्र ब्लेड तिरकंच ठेवा. सरळ ठेवलं की दहाच्या दहा एकदम अडकतात आणि मग तुकडे करून उपयोग काय झाला.

आता कुरकुर.

तुकड्यांच्या मधल्या फटी. सुका भुसभुशीत बर्फ असला तर काही नाही, जरासा निसटतो. पण शून्याच्या आसपासचा ओला बर्फ त्या फटींतून दाबून मागे येतो आणि रस्त्यावर ९ बारीक रेघा उमटतात, शाळेच्या वहीसारख्या. फटीवर रबराची झडप आहे पण ती जेमतेम. त्याहून वाईट म्हणजे तो ओला बर्फ तुकड्यांच्या मागच्या खाचांत शिरतो, काम थांबवून चहाला गेलात आणि बाहेर गारठा वाढला की तिथेच गोठतो, परत आल्यावर तीन तुकडे जागचे हलत नाहीत. आता थांबायच्या आधी ब्लेड उचलून दोनदा हलकेच आपटतो आणि ब्रशनं खाचा झाडतो, पाच मिनिटं जातात. डिझाइन करणाऱ्यानं खाच खालून उघडी ठेवली असती तर बर्फ आपोआप गळून पडला असता, पण तो माणूस बहुतेक उबदार खोलीत बसून काढतो चित्रं.

खडीच्या रस्त्यावर हे घेऊन जाणार असाल तर नीट वाचा. सरळ पट्टीला दोन टोकांना घसरपट्ट्या (ब्लेडचा भार घेऊन जमिनीवरून घसरत जाणारे पाय) लावल्या की सगळी कड जमिनीपासून वर राहते. इथे नाही राहत. घसरपट्ट्या पत्र्याला धरतात, तुकडे मात्र त्यांच्याही खाली लोंबतात आणि मऊ जागा मिळाली की आत घुसतात, पहिल्या दिवशी बर्फापेक्षा खडीच जास्त ढकलली मी. उपाय आहे, प्रत्येक तुकड्याला किती खाली यायचं ते ठरवणारी पिन असते, ती वरच्या भोकात टाकायची. दहा पिना, बोटं बधिर, आणि डांबरावर परत आलात की दहाच्या दहा पुन्हा काढा. मी आता खडीवर जुनंच ब्लेड नेतो.

झीज. कड कार्बाइडची (पोलादाहून कितीतरी कठीण असतं ते), रबरात बसवलेली. कार्बाइड घासून लवकर झिजत नाही पण ठोकरीला ठिसूळ, दोन तुकड्यांचे टवके उडालेत, दोन्ही त्या जोर देण्याच्या तीन आठवड्यांतले. ब्लेड नेहमी उजवीकडे तिरकं असल्यानं पुढे राहणारं डावं टोक जास्त खातं. अखंड पट्टी असती तर एका टोकासाठी सगळी बदलावी लागली असती, इथे फक्त डाव्या बाजूचे दोन उजव्या बाजूच्या दोनांशी अदलाबदल केले. बोल्ट मात्र पहिल्या काही तासांनी परत आवळाच, रबर दबून बसलं की ते ढिले पडतात.

आवाज खूपच कमी झालाय, हे मी अपेक्षित धरलं नव्हतं. रात्रपाळीनंतर कानात जी घरघर राहायची ती नाही. वजन मात्र जास्त आहे, छोट्या गाडीला हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पुढचा एक्सल किती पेलतो ते आधी बघा.

सध्या सीझन संपलाय, ब्लेड लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलंय म्हणजे स्प्रिंगांवर भार नको. नऊ तुकडे काढून साफ केले, ग्रीस लावलं. चौथ्याची पिन मिठानं अशी गंजून बसलीये की दोन दिवस तेल पाजूनही हलेना, उद्या गरम करून बघतो.