बारावीची केमिस्ट्री: मैत्रिणीच्या घरी की अभ्यासिकेत?

दिवाळीची सुट्टी संपली की सांगलीत विश्रामबागपासून गावभागापर्यंत बारावी सायन्सच्या घरांतून एकच वाद ऐकू येतो. मुलं म्हणतात, आम्ही चौघं मिळून केमिस्ट्री करतो. आई म्हणते, चौघं मिळून काय करता ते दिसतंय, त्यापेक्षा अभ्यासिकेत जागा लाव. मी शिकवण्या घेते, त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडेच येतात आणि माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही. कुठला धडा काढणार आहात, ते आधी सांगा.

कारण केमिस्ट्री हा नावालाच एक विषय आहे. सोल्युशन्स, आयोनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स हे धडे म्हणजे जवळजवळ गणितच. हॅलोजन डेरिव्हेटिव्हजपासून अमाइन्सपर्यंतचं ऑरगॅनिक वेगळं, आणि ग्रुप 16, 17, 18 वगैरे इनऑरगॅनिक आणखी वेगळं. लेखी पेपर 70 गुणांचा, तीन तासांचा. त्यात 18 गुणांचे एकेक गुणाचे प्रश्न सगळे सोडवावे लागतात. बाकी ठिकाणी निवड करता येते: दोन गुणांचे 12 पैकी 8, तीन गुणांचे 12 पैकी 8, चार गुणांचे 5 पैकी 3. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं.

हा लॉग टेबलचा नियम घरच्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशीच मोडतो. चौघांत एकाच्या हातात मोबाइल असतोच, मग टेबल कोण उघडतंय? उदाहरण करताना एकाचं पेन चालतं, तिघं माना डोलावतात, आणि सगळ्यांना वाटतं की आपल्याला आलं. झिंक आणि कॉपरचा साधा सेल घ्या. प्रमाण पोटेन्शियल 1.10 व्होल्ट, झिंक आयन 0.1 मोलर, कॉपर आयन 1 मोलर. आयनांच्या प्रमाणावरून सेलचं व्होल्टेज काढणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात झिंक आणि कॉपर आयनांचं गुणोत्तर बरोबर मांडलं तर उत्तर सुमारे 1.13 येतं, उलटं मांडलं तर 1.07. पेन ज्याच्या हातात त्याने उलटं मांडलं की चौघांच्या वह्यांत 1.07, आणि चारही वह्या जुळल्या म्हणून कुणाला शंकाही येत नाही. गणितांच्या धड्यांना म्हणूनच मी अभ्यासिकेच्या बाजूने आहे. प्रत्येकाने एकट्याने, टेबल घेऊन, वेळ लावून सोडवायचं. मग खाली चहाच्या टपरीवर फक्त उत्तरं ताडून बघायची. ज्याचं वेगळं आलं त्याने आपली मांडणी सांगायची. तेवढी दहा मिनिटं एकत्र पुरतात.

अभ्यासिकेचा दोष वेगळा आहे आणि पालकांना तो दिसत नाही, कारण तिथे शांतता असते. मुलगा चार तास बसतो आणि त्यातला बराच वेळ हायलायटर फिरवत तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये उतारे पाठ करण्यावर प्रयोग केले होते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं. आठवड्याने घेतली तर ज्यांनी पुस्तक बंद करून आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो. अभ्यासिकेची फी भरणार असाल तर तिथे कोरे कागद घेऊन जा.

ऑरगॅनिकचं मात्र गणितांच्या धड्यांच्या नेमकं उलटं आहे. तिथे घरचा ग्रुप अभ्यासिकेला सहज मागे टाकतो, कारण तोंडाने बोलल्याशिवाय शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेम रिअ‍ॅक्शन्स बसत नाहीत आणि अभ्यासिकेत बोलता येत नाही. अ‍ॅनिलिनपासून क्लोरोबेंझीन, असं एकीने म्हणायचं. दुसरीने पुस्तक न बघता लिहायचं: सोडियम नायट्राइट, हायड्रोक्लोरिक आम्ल, डायझोनियम क्षार, मग क्युप्रस क्लोराइड. तिसरीने ओरडायचं, ‘तापमान? 273 ते 278 केल्विन कोण लिहिणार?’ ही ओरड पेपरात आठवते. अल्कोहोलचा प्रकार ओळखायच्या ल्युकास टेस्टचंही तसंच. टर्शरी अल्कोहोल लगेच गढूळ, सेकंडरी काही मिनिटांनी, प्रायमरी साध्या तापमानाला नाहीच. हे चार वेळा वाचण्यापेक्षा दुसरीला एकदा समजावून सांगितलेलं बरं.

पण ग्रुपमध्ये सर्वानुमते चूक होण्याची भीती इथेही आहे. पेरॉक्साइड असलं की मार्कोव्हनिकोव्हचा नियम (दुहेरी बंधाला आम्ल जोडताना हायड्रोजन कुठल्या कार्बनला जातो तो) उलटतो, असं एक जण ठणकावून सांगतो आणि तो वर्गात पहिला येणारा असल्यामुळे बाकीचे एचसीएललाही (हायड्रोजन क्लोराइड) तेच लावून मोकळे होतात. ते फक्त एचबीआरच्या (हायड्रोजन ब्रोमाइड) बाबतीत खरं आहे. हार्वर्डचे एरिक मॅझूर फिजिक्स शिकवताना एक पद्धत वापरत: आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं, मगच शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा. हीच शिस्त घरच्या बैठकीत आणा. उत्तर आधी वहीत, मग तोंडात. पटलं नाही तर पुस्तक उघडायचं, हुशार मित्राकडे बघायचं नाही. आणि भडंगाचा डबा मध्ये ठेवायचा तो शेवटी, नाहीतर अभ्यास तिथेच थांबतो.

ग्रुप तिघांचा पुरे. चौथा आला की दोन जोड्या पडतात आणि एक जोडी क्रिकेटवर बोलते.

इनऑरगॅनिक, पॉलिमर, बायोमॉलिक्यूल्स यांच्यासाठी एवढा विचार करू नका. रात्री जेवणानंतर फोनवर वीस मिनिटं एकमेकांना एका गुणाचे प्रश्न विचारा, झालं. व्हिडिओ कॉल लावून तीन तास ‘सोबत बसणं’ मात्र मला कधी फळलेलं दिसलं नाही. प्रात्यक्षिकाचे 30 गुण वेगळे, त्याची तोंडी तयारी जोडीनेच करा. सॉल्ट ओळखताना आयनांचा कुठला ग्रुप कधी येतो, टायट्रेशनला परमँगनेट असताना रंग बदलून शेवट दाखवणारा वेगळा इंडिकेटर का लागत नाही, हे विचारायला समोर कुणीतरी लागतं.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळहून एसटीने येणाऱ्यांचा प्रश्न मात्र धड्याचा नसून गाडीचा असतो. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण संध्याकाळची सोयीची गाडी चुकली की घरी पोचेपर्यंत रात्र होते. अशा मुलींनी सांगलीतल्या मैत्रिणीच्या घरचा ग्रुप आणि अभ्यासिका, दोन्ही सोडून द्यावं. त्याच गाडीने येणारी एखादी मुलगी गाठावी, जाता-येता ऑरगॅनिक तोंडी करावं आणि गणितं घरी सोडवावीत. अभ्यासिकेच्या फीपेक्षा हे स्वस्त आणि माझ्या मते जास्त खात्रीचं.

प्रिलिम झाल्यावर ही सगळी वाटणी मोडायची. मग फक्त पूर्ण पेपर, तीन तास, एकट्याने, अभ्यासिकेत असो की घरी माळ्यावर. लिहून झाला की पेपरांची अदलाबदल करायची आणि तपासताना मैत्री बघायची नाही. उत्तरापुढे एकक नसेल तर अर्धा गुण कापायचा.