द्राक्षबियांच्या तेलाचं लोशन: पॉलिसॉर्बेट की कायटिन?

नाशिकच्या वायनरींत रस काढल्यावर द्राक्षबिया उरतात. त्यांच्या तेलाचं लोशन करायचं, तर तेल-पाणी एकत्र धरणार कोण? पॉलिसॉर्बेट ८० हे तेल-पाणी एकत्र धरणारं रसायन स्वस्त, वापरायला सोपं. पण त्याचे रेणू पाण्यातल्या तेलाच्या थेंबावर बसतात तसे सुटतातही.

कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनचे नॅनोतंतू, म्हणजे अतिसूक्ष्म धागे, थेंबाला घट्ट चिकटतात, शिवाय पाण्यात जाळं विणून थेंबांना एकमेकांत विरू देत नाहीत. थेंबाला चिकटून त्याला टिकवण्याचं हे तत्त्व इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पिकरिंगने १९०७ मध्ये घन कणांबद्दल मांडलं होतं. सौम्य आम्लात तंतूंवर धनभार येतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून सुटे राहतात. आम्लता गेली की गुठळ्या. तंतू सुटे करायला यंत्रं लागतात, खर्च वाढतो.

तरीही फेकलेल्या कवचातून येणारं, निसर्गात कुजणारं कायटिनच मला पटतं. शाकाहारी आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकांना मात्र ते आधी सांगायलाच हवं.